लक्ष आणि पाळत

मराठीत ‘बघणे’ या क्रियापदाचं गोत फार मोठं आहे. एकदा सातवीच्या वर्गाला मी तीन वाक्प्रचार दिले: लक्ष ठेवणे, नजर ठेवणे, पाळत ठेवणे. वाक्यांत उपयोग करायचा होता. आमची शाळा मुळशी तालुक्यातली, डोंगराच्या कुशीतली. त्यामुळं वाक्यंही तिथलीच आली. ‘आजी अंगणातल्या कुरडयांवर लक्ष ठेवते.’ ‘रानडुकरं भात खातात म्हणून बाबा रात्रभर माळ्यावर बसून नजर ठेवतात.’ ‘मांजर उंदरावर पाळत ठेवते.’ सगळी बरोबर. एका मुलीनं मात्र काहीच लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, “बाई, आई माझा मोबाइल रोज बघते. ते यातल्या कशात बसतं?”

वर्ग हसला. मला मात्र विचार पडला. मुलांनो, व्याकरणाच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नाही. बघणारा माणूस तोच असतो, डोळेही तेच असतात. फरक असतो तो मनात. लक्ष ठेवणाऱ्याला वाटतं की समोरच्याचं बरं व्हावं. पाळत ठेवणाऱ्याला वाटतं की समोरचा सापडावा. आजी कुरडयांकडं बघते आणि मांजर उंदराकडं बघतं, यात केवढं अंतर आहे!

पण एवढ्यावर भागत नाही. ज्याच्याकडं बघितलं जातं त्याचं काय होतं, हेही बघायला हवं. म्हणून त्या शनिवारी गोष्टीच्या तासाला मी जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीची गोष्ट सांगितली. ऑरवेल इंग्रज लेखक, पण जन्मले आपल्या देशात, बिहारमधल्या मोतीहारी गावी, २५ जून १९०३ रोजी. कादंबरी प्रसिद्ध झाली १९४९ साली. म्हणजे पस्तीस वर्षं पुढचं जग त्यांनी कल्पनेनं उभं केलं होतं. ते जग सुखाचं नव्हतं, भीतीचं होतं.

त्या जगात घरात एक पडदा असतो. दिसायला टीव्हीसारखा, पण आपण त्याच्याकडं बघतो तसे पलीकडचे लोकही आपल्याला बघतात, आपलं बोलणं ऐकतात. तो बंद करता येत नाही. चौकाचौकांत राज्यकर्त्याचं मोठं चित्र लावलेलं. त्याला सगळे म्हणतात ‘थोरला भाऊ’. कुठंही उभे राहा, चित्रातले डोळे आपल्यावरच!

गोष्टीतल्या माणसाचं नाव विन्स्टन. त्याची नोकरी मोठी विचित्र. जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करायची. दुरुस्त म्हणजे काय, तर सरकार आज जे म्हणतंय तेच काल म्हणत होतं असं दिसेल, अशा बेतानं जुना मजकूर बदलायचा. मूळ कागद भिंतीतल्या एका भोकात टाकायचा. तो खाली भट्टीत जाऊन जळतो. त्या भोकाला तिथं आठवणींचं भोक म्हणतात. एखादा माणूस सरकारला नकोसा झाला, की त्याचं नावसुद्धा सगळ्या कागदांवरून पुसून टाकायचं. मग तो माणूस कधी जन्मलाच नव्हता!

विन्स्टनच्या खोलीत एक कोनाडा असतो. तिथं बसलं की पडद्याला तो दिसत नाही. त्या कोनाड्यात बसून तो एका जुन्या वहीत रोजनिशी लिहायला लागतो. पकडला गेला तर जीव जाणार हे माहीत असूनही लिहितो. का? तर आपल्याला जे आठवतं ते खरं होतं, एवढं तरी कुठंतरी राहावं म्हणून. पुढं त्याचं ज्युलिया नावाच्या मुलीवर प्रेम बसतं. तेही त्या राज्यात चालत नाही. दोघं एका जुन्या वस्तूंच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतात. तिथं ते काय मोठा कट करतात? खरी कॉफी पितात, गप्पा मारतात, लहानपणचं आठवत बसतात. विन्स्टनकडं एक काचेचा गोळा असतो, आत पोवळ्याचा तुकडा. उपयोग काही नाही, नुसता सुंदर. पण त्या खोलीतही भिंतीवरच्या चित्रामागं पडदा लपवलेला असतो. दोघं पकडले जातात. त्यांना लगेच मारून टाकत नाहीत. त्याहून वाईट करतात. छळ करून करून त्यांच्या मनातून एकमेकांना काढून टाकतात.

शेवटाचे तपशील मी वर्गात सांगितले नाहीत, ते मोठेपणी वाचा. पण मुलांना सगळ्यांत जास्त लागली ती भलतीच गोष्ट. विन्स्टनच्या शेजारी एक कुटुंब असतं. त्यांची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकाला कान लावून ऐकते. वडील झोपेत थोरल्या भावाविरुद्ध काहीतरी बडबडतात, आणि ती जाऊन पोलिसांना सांगते. वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “पण बाई, मग घरी झोपायचं कसं?”

या एका प्रश्नात सगळी कादंबरी आली. ज्या घरात झोपतानाही सावध राहावं लागतं, तिथं माणसं एकमेकांवर माया करू शकत नाहीत. माया करायला आधी बिनधास्त असावं लागतं.

तुमच्या वयाच्या मुलांसाठीही अशी एक गोष्ट आहे. अमेरिकन लेखिका लोइस लॉरी यांची ‘द गिव्हर’, १९९३ साली आलेली. तिच्यातला जोनास बारा वर्षांचा आहे. त्याच्या वस्तीत सगळं नीटनेटकं. भांडण नाही, भूक नाही. घरोघरी कर्णा लावलेला, त्यातून सूचना येतात. पण आठवणी मात्र कुणालाच नाहीत. सगळ्या वस्तीच्या जुन्या आठवणी एकट्या म्हाताऱ्याकडं सोपवलेल्या. एकदा जोनास आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? तेव्हा ते हसतात आणि नीट शब्द वापरायला सांगतात. प्रेम हा शब्दच त्यांच्या कामाचा उरलेला नसतो. आठवण गेली की मायेचीही भाषा जाते, असं लेखिकेला म्हणायचं असावं.

“बाई, पण हे सगळं खोटंच ना?” एकीनं विचारलं. तिला धीर हवा होता. मी म्हणाले, गोष्टी कल्पनेतल्या आहेत. पण आपल्याच महाराष्ट्रात काही लोकांनी असं आयुष्य खरोखर काढलं आहे.

इंग्रज सरकारनं १८७१ साली एक कायदा केला. काही जमातींच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींत जन्मलेलं तान्हं बाळसुद्धा या कायद्याच्या नजरेत संशयित! सोलापूरला काटेरी तारेचं कुंपण घालून मोठी वसाहत केली होती. तिला लोक अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणतात. तिथं ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. कुंपणाबाहेर जायचं तर पास लागे. म्हणजे बहिणीच्या लग्नाला जायचं, आजारी आईला बघायला जायचं, तर आधी साहेबाची परवानगी घ्यायची. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची मुभाही त्या कायद्यात होती. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण ही माणसं कायद्यातून सुटली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, तरी संशय लगेच गेला नाही. मोठ्या वाचकांनी लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन जरूर वाचावं, म्हणजे पाळत कशी पिढ्यान्‌पिढ्या अंगाला चिकटते ते कळेल.

आता जरा जवळ येऊ. आमच्या पौडहून एसटीनं पुण्याला गेलं की पलीकडं येरवडा. तिथल्या तुरुंगाचं नाव तुम्ही इतिहासात वाचलेलं असेल. गांधीजी तिथं होते. पण मला सांगायची आहे ती त्यानंतरची गोष्ट.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. (तारीख बघितलीत? ऑरवेल यांचा वाढदिवस! योगायोगच, पण लक्षात राहण्यासारखा.) वर्तमानपत्रात काय छापायचं ते सरकारी अधिकारी तपासू लागले. सरकारविरुद्ध बोलणाऱ्या हजारो माणसांना खटला न चालवता तुरुंगात टाकलं. त्यांत एक होते मधू दंडवते. कोकणातल्या राजापूरचे खासदार, आणि त्याआधी मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना बंगळूरच्या तुरुंगात ठेवलं. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते याही कार्यकर्त्या. त्या येरवड्याला. दोन तुरुंगांत आठशे किलोमीटरांहून जास्त अंतर.

मग दोघांनी काय केलं? पत्रं लिहिली. त्या काळात मिळून सुमारे दोनशे पत्रं! मुलांनो, तुरुंगातलं पत्र म्हणजे काय, तर आधी अधिकाऱ्यानं उघडून वाचायचं आणि मग पुढं पाठवायचं. येणारंही तसंच. म्हणजे नवरा-बायको बोलताहेत आणि मध्ये तिसरा माणूस बसून प्रत्येक शब्द ऐकतोय. राजकारणाबद्दल मोकळेपणानं लिहिणं अवघड. तरीही या पत्रांत संगीत आहे, पुस्तकं आहेत, कविता आहे. तपासणाऱ्याला शब्द दिसणार. पण एखादं गाणं दोघांनी मिळून कधी ऐकलं होतं, त्या दिवशी दोघं काय बोलले होते, ते त्याला कुठून दिसणार? मला वाटतं, त्या दोघांचा कोनाडा म्हणजे ही आठवण. विन्स्टनचा कोनाडा भिंतीत होता, तो सापडला. हा मनात होता.

आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. दोघं सुटले होते. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. आज तुम्ही रेल्वेच्या साध्या स्लीपर डब्यात मऊ बाकावर झोपता ना? आधी तिथं नुसत्या लाकडी फळ्या असत. दुसऱ्या वर्गाच्या त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला त्यांनी सुरुवात केली. स्वतः तुरुंगात राहून आलेला माणूस इतरांच्या झोपेची काळजी करतो, हे मला फार आवडतं.

तुरुंगात बसून माया आणि आठवणी जपणारे आपल्याकडं आणखीही झाले. ‘श्यामची आई’ तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या काही दिवसांत. बाहेर पहारा, आत आईची आठवण.

आणीबाणीशी जोडलेली एका बापलेकांची गोष्टही सांगायला हवी. बिनखटल्याचे कैदी कोर्टात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की आणीबाणी चालू असताना अशी दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत दिलं. त्या चौघांत होते पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड. पुढं एक्केचाळीस वर्षं गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला: खासगीपणा हा भारतातल्या प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. त्यांनी त्याच निकालपत्रात वडिलांचा १९७६ चा निकाल चुकीचा होता, असं स्पष्ट लिहिलं. ऑरवेलच्या गोष्टीतली मुलगी वडिलांना पकडून देते. इथं मुलगा वडिलांचा निर्णय उघडपणे, कारणं देऊन खोडून काढतो. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात न्याय आहे.

हे झालं मोठ्या लोकांचं. ज्यांना पत्रच लिहिता येत नव्हतं त्यांनी काय केलं असेल?

माझी आजी निरक्षर होती. माहेराहून पोस्टकार्ड आलं की कुणाकडून तरी वाचून घ्यायची. पोस्टकार्ड म्हणजे उघडं पत्र. पोस्टमन वाचणार, वाचून दाखवणारा वाचणार, ओट्यावरचे सगळे ऐकणार. उत्तर सांगतानाही सासू शेजारीच बसलेली. मग उत्तरात ‘मी सुखी आहे’ याशिवाय काय येणार? सून कुणाशी बोलते, पाण्याला गेली तर किती वेळ लागला, भाकरी किती खाल्ली, सगळ्यावर घराचं ध्यान. त्या काळच्या सासुरवाशिणींचा दिवस असाच जाई.

पण तिचीही एक जागा होती, जात्यापाशी. पहाटे चारला घर झोपलेलं, अंधार, खुंट्याला हात, नाचणीचा घास घातला की जात्याची घरघर सुरू. त्या घरघरीच्या आड ती ओव्या म्हणायची. भावाची आठवण, आईची आठवण, सासरचा जाच, मेलेल्या लेकराचं दुःख. दिवसा जे तोंडातून काढता येत नव्हतं ते सगळं पहाटे यायचं. कधी जाऊ समोर बसून खुंट्याला हात लावायची, मग ओवी दोघींची व्हायची. ऐकणारं कुणी जागं असलं तरी म्हणता यायचं, अहो, ओवीच म्हणतेय!

आमच्या तालुक्याला हे सांगायचा विशेष हक्क आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पोआतवाँ या दोघांनी १९८० नंतरच्या काळात मुळशी-मावळातल्या डोंगरी गावांत बायकांबरोबर काम करताना या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या! पुष्कळशा ओव्या त्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, पण ओव्या उरल्या.

तुम्ही म्हणाल, बाई, मग ते खासगी कुठं राहिलं? लाखो लोकांनी ऐकलं की! चांगला प्रश्न आहे. पण बघा, या बायकांनी ओव्या स्वतः होऊन म्हटल्या. विचारणारी माणसं समोर बसली, विश्वास बसला, मग त्यांनी मन उघडलं. कुणी रात्री दाराला कान लावून त्या चोरल्या नाहीत. खासगी म्हणजे कधीच कुणाला न सांगायचं, असं नव्हे. केव्हा सांगायचं, कुणाला सांगायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पेटी उघडी की बंद याला महत्त्व नाही, किल्ली कुणाकडं आहे याला आहे.

आठवणींचंही तसंच. सरकारी नकाशात आमच्या तालुक्यात मोठा निळा तलाव आहे. टाटांच्या धरणाचा. १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढं सेनापती बापटांनी नेतृत्व केलं, तुरुंगवास भोगला. तरी धरण झालंच. नकाशा सांगतो, इथं पाणी आहे. म्हातारी माणसं पाण्याकडं बोट करून सांगायची, तिथं आमचं खाचर होतं. नकाशा खोटा नाही, पण नुसता नकाशा राहिला असता तर ती खाचरं, ती देवळं कधी नव्हतीच असं झालं असतं. आठवणींच्या भोकात गाव जाऊ द्यायचं नसेल तर कुणीतरी सांगत राहावं लागतं आणि कुणीतरी ऐकावं लागतं.

आता आजच्या दिवसांकडं वळू. आमच्या वरच्या वाड्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही. एका ठरावीक खडकावर चढलं की दोन दांड्या येतात. त्यामुळं संध्याकाळी सगळा गाव त्या खडकावर! कुणाच्या लेकीला स्थळ आलं, कुणाचा हप्ता थकला, सगळं सगळ्यांना ऐकू येतं. गंमत वाटते. पण लोक एक शिस्त पाळतात. कुणी रडत बोलायला लागलं की बाकीचे चार पावलं लांब सरकतात. कुणी शिकवलेलं नाही. यालाच मी लक्ष ठेवणं म्हणते: दिसतंय, तरी मान वळवायची.

शाळांतही आता कॅमेरे आले आहेत. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये बदलापूरला घडलेल्या वाईट घटनेनंतर राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. कारण रास्त आहे. फाटकातून कोण आलं, कोण गेलं, हे कळायलाच हवं. पण कॅमेरा फाटकाकडं बघण्यासाठी आहे. मधल्या सुट्टीत कोण कुणाच्या गळ्यात पडून रडलं, याची चर्चा करण्यासाठी नाही. यंत्राला लक्ष आणि पाळत यांतला फरक कळत नाही. तो आपल्याला, मोठ्यांना, कळायला हवा.

एका पालकांची गोष्ट सांगते. नावगाव सांगणार नाही, ओळख पटू नये म्हणून एकदोन बारकावेही बदलले आहेत, आणि त्यांना व त्यांच्या मुलीला विचारूनच लिहिते आहे. मुलगी रोज रात्री एका वहीत काहीतरी लिहायची आणि वही उशीखाली ठेवायची. कुणी जवळ आलं की झाकायची. वडिलांच्या मनात शंका आली. वय तेरा, कुणा मुलाच्या नादी तर लागली नाही? एके दिवशी ती शाळेत असताना त्यांनी वही उघडली.

दुसऱ्या दिवशी ते मला भेटायला आले. वर्गातल्या लहान बाकावर कसेबसे बसले. म्हणाले, “बाई, सगळी पत्रं होती. माझ्या आईला.” त्यांची आई, म्हणजे मुलीची आजी, आठ महिन्यांपूर्वी वारली होती. मुलगी रोज तिला दिवसभराचं सांगत होती. कोणती भाजी केली, गाय व्याली, बाबा हल्ली कमी बोलतात. मुलीला वही हलवल्याचं कळलं होतं. ती भांडली नाही, रडली नाही. नुसतं लिहिणं बंद केलं.

“तिला तसं काही म्हणालो पण नाही हो बाई. चांगलंच होतं ना सगळं?” चांगलंच होतं. पण आजीशी बोलायची तिची एकच जागा होती, तिथं आता आणखी कुणीतरी येऊन गेलं होतं. काही वाईट सापडलं नाही म्हणून काही मोडलं नाही, असं होत नाही.

त्यांनी मग बाजारातून एक लहान पत्र्याची पेटी आणली, कुलपासकट. दोन्ही किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाले, “माझं चुकलं, बाळा.” आपल्याकडं बापानं मुलीला असं म्हणणं सोपं नाही. ती पुन्हा लिहायला लागली का, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

पालकहो, याचा अर्थ मुलांना मोकाट सोडा असा नाही. मोबाइलमध्ये धोके आहेत, फसवणारी माणसं आहेत, हे मीही बघते. लहान मुलाचा मोबाइल बघावाच लागतो. पण आधी सांगून, समोर बसवून, कारण समजावून बघा. मूल मोठं होत जाईल तसं हे बघणं कमी करत जा. भाताची रोपं लहान असताना आपण जपतो. लावणी झाल्यावर मूळ धरलं का हे बघायला रोज उपटून काढत नाही. आणि अजून एक. मुलाचा रडतानाचा, मार्क कमी पडल्याचा फोटो स्टेटसला ठेवण्यापूर्वी त्यालाही विचारा. त्याचंही काही खासगी आहे.

मुलांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. पहिली: खासगी गोष्ट आणि घातक गुपित यांत गल्लत करू नका. कुणी तुम्हाला त्रास दिला, नको तिथं हात लावला, धमकावलं आणि वर ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणालं, तर ते खासगी नव्हे. ते ताबडतोब आईबाबांना, बाईंना, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, त्यावर फुकट फोन करता येतो. तसं सांगणं म्हणजे चहाडी नव्हे.

दुसरी: तुम्हीही कुणाचे थोरले भाऊ होऊ नका. ताईचे मेसेज चोरून वाचायचे, मित्राची चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचायची, कुणी पडलं की त्याचा व्हिडिओ काढायचा, ही सगळी पाळतच. तिथं त्या खडकावरच्या माणसांसारखं चार पावलं लांब सरकता आलं पाहिजे.

येत्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्यांना त्यांच्या लहानपणची एक आठवण विचारा. सांगितली तर नीट ऐका. ऐकून झाल्यावर विचारा, ‘हे मी वहीत लिहू का?’ हो म्हणाले तर तारीख घालून लिहा. नाही म्हणाले तर लिहू नका, नुसतं लक्षात ठेवा.